घेवरशेठचं जहाज

सन २०११. माझं वय अडुसष्ट. मुलानं जळगावच्या पिंप्राळ्यात घर बांधून आम्हा दोघांना गावाकडून उचलून इथं आणलं, त्याला महिनाही झाला नव्हता. सकाळी मी ओट्यावर दात घाशीत बसलो होतो. समोरच्या घरातला माणूस फाटक उघडून आत आला. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, तोंडावर पांढरं फडकं. मला वाटलं, मुलानं माझ्यासाठी डॉक्टर बोलावला. त्यानं हात जोडले, फडकं खाली ओढलं आणि विचारलं,

"पाटील, तुमच्या बागेत एखादी मेलेली केळ मिळेल का? पण तिची ती मेलेली पाहिजे. माझ्यासाठी मारू नका."

मी चौथी शिकलेला माणूस. चौथीही पुरी नाही, मध्येच पाणी द्यायला गेलो तो बागेतच राहिलो. पण केळीतलं मला कुणी शिकवायचं नाही. मी चूळ भरली आणि त्याला सांगितलं की घड उतरला की केळीचं आयुष्य संपलं. मग आम्ही खोड कापून बांधावर फेकतो.

"म्हणजे तिचं काम झालेलं असतं?"

"झालेलं असतं."

"आणखी जगायची इच्छा नसते तिला?"

"मी कधी इच्यारलं नही बाप्पा," मी म्हटलं. "कशाले पाहिजे पन खोड?"

"दोर काढायचेत."

"गुरं आहेत?"

"नाही. जहाज आहे," तो म्हणाला आणि परत हात जोडून निघून गेला.

हे घेवरचंदशेठ. बाजारात त्यांच्या बापजाद्यांचं भांड्यांचं दुकान. आजा मारवाडातून आलेला, तिथं वाळू. नातू जळगावात जन्मलेला, इथं काळी माती. जहाजाशी संबंध यावा असं या घराण्यात कोणी काही केलेलं नव्हतं. दुकान आता पुतण्या बघायचा. भाऊ पुण्याला आणि मद्रासला गेले. बायको तरुणपणीच वारली, मूल नाही. चार खोल्यांच्या घरात शेठ एकटे, आणि मधल्या खोलीत ते जहाज.

मी पंधरा दिवसांनी गावाकडून खोडं आणून दिली तेव्हा ते पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगायचं तर हसायच्या तयारीनं गेलो होतो. खेळण्यातली होडी असेल, म्हाताऱ्याला दुसरं काम नाही. दार ढकललं आणि हसू तिथंच राहिलं. खाटेएवढी लांब एक बरगड्यांची ओळ चौकटीवर उभी होती. नुसत्या बरगड्या, आरपार दिसणाऱ्या. मेलेल्या बैलाचा सांगाडा मी शिवारात पाहिला आहे, पण तो मेलेला दिसतो. हा जन्माला येणारा दिसत होता. एकेक बरगडी बोटाएवढी, प्रत्येकीचा वाक वेगळा, आणि शेवटच्या दोन पुढं येऊन अशा जुळलेल्या, जसे देवापुढं हात जोडावेत.

"हे बठ्ठं तुमी हातानं केलं?" मी विचारलं. बठ्ठं म्हणजे सगळं.

"हातानंच. यंत्रात कोण सापडेल सांगता येत नाही."

शेठचं सगळं असं होतं. दुनिया एखादी वस्तू पाहिली की विचारते, ह्यात काय आहे. शेठ विचारायचे, "ह्यात कोण आहे?" हार्डवेअरच्या दुकानात गोंदाचा डबा उचलून त्यांनी हे विचारलं तेव्हा मी बाजूला होतो. दुकानदार डब्याकडे बघायला लागला. शेठनी समजावून सांगितलं, सरस चामड्याचा असतो, हाडांचा असतो, तर ह्यात कोण आहे? दुकानदार म्हणाला, "शेठजी, कुणीच नाही, नुसतं केमिकल आहे." शेठचं समाधान झालं नाही. घरी येऊन त्यांनी बाभळीच्या डिंकावर प्रयोग सुरू केले. तीन भांडी जाळली. शेजारच्या बायांना वाटलं, शेठ लाडू करतायत.

लाकडाला चकाकी येण्यासाठी लाख लागते, ती किड्याची, म्हणून नको. रंगाच्या ब्रशात जनावराचे केस, म्हणून केळीच्या धाग्याचं टोक चावून त्याचा ब्रश. दोराला लावायला मेण नको, कारण ते मधमाशीचं घर. रेशीम तर घरात शब्दसुद्धा नको. तोंडावरचं फडकं मी भुशासाठी समजत होतो. ते उलटं होतं. एखादं चिलट तोंडात जाऊन मरू नये म्हणून ते होतं. आणि जहाजासाठी झाड तोडायचं नाही. फेकलेलंच लाकूड. मंडईमागं आंब्याच्या मोडक्या पेट्यांचा ढीग पडतो, शेठ रिक्षा करून तिकडे जायचे आणि एकेक फळी उचलून, झटकून, मागून-पुढून बघून, तिच्यात कोणी राहत नाही याची खात्री करून घरी आणायचे. त्या पेट्यांच्या फळ्या ते उभ्या चिरायचे, तासायचे, वाफेवर वाकवायचे. माझ्या बायकोचं, सिंधूचं, लाटणं मोडलं होतं. शेठनी ते मागून नेलं. पुढच्या डोलकाठीचा खालचा भाग तेच लाटणं आहे. सिंधू येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना ते नेऊन दाखवायची. "ह्याच्यावर पन्नास जनांच्या पोया लाटल्या मी," म्हणायची. पोया म्हणजे पोळ्या. जहाजाचं बाकीचं तिनं बघितलं की नाही कोण जाणे.

आता तुम्ही विचाराल, जहाजच का? मीही विचारलं. शेठ म्हणाले, एका चातुर्मासात महाराजसाहेबांनी व्याख्यानात सांगितलं की हा भवसागर आहे आणि तरून जायला नाव लागते. सगळे मान डोलावून घरी गेले. शेठ घरी आले आणि विचारात पडले की मोठी नाव आतून कशी असते हे आपल्याला माहीतच नाही. दुकानात जुनं कॅलेंडर होतं, त्यावर शिडाचं जहाज. तेवढाच नकाशा. पण त्या चित्रात जहाजाची एकच बाजू दिसत होती, आणि अर्धं पोट पाण्याखाली.

दुसऱ्या बाजूवर शेठनी पुष्कळ दिवस विचार केला. शेवटी ठरवलं, माणसाचा डावा-उजवा सारखा, बैलाचा सारखा, जहाजाचाही असणार. पाण्याखालच्या भागाचं मात्र अडलं. त्यासाठी ते माझ्याकडे आले. मी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण माहीत नाही असं म्हणायची मला सवय नाही. मी घरात गेलो, एक केळं आणलं, उभं कापलं आणि अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं.

"हे पाहा. असंच अशीन."

शेठनी ते केळं उलटंसुलटं केलं, डोळ्यासमोर धरलं. मग म्हणाले, "पाटील, बरोबर आहे." आणि जहाजाचं पोट त्या केळ्यावरून झालं. माझा मुलगा इंजिनियर. तो म्हणाला, आबा, असं पोट असलं तर जहाज पाण्यात कलंडेल. मी म्हटलं, पाण्यात टाकून राह्यलं कोन? जहाजाचं पोट माझं आहे, हे मी अजूनही सांगतो.

"शेठ, सुरतेला जाऊ," मी एकदा म्हटलं. "इथून गाडी सरळ जाते. एकदा समुद्र पाहून घ्या ना."

"समुद्र माझ्या हद्दीत येत नाही," शेठ म्हणाले.

तेव्हा कळलं की त्यांनी तरुणपणी नियम घेतलाय. जैनांत असा नियम असतो, माणूस चारी दिशांना हद्द आखून घेतो आणि जन्मभर तिच्यापलीकडे पाऊल टाकत नाही. पाय जितके कमी फिरतील तितके जीव कमी चिरडतील. शेठची आई आजारी होती, घर सोडायचंच नव्हतं, तेव्हा त्यांनी तो घेतला. पूर्वेला भुसावळ, पश्चिमेला पिंपळनेर, उत्तरेला शिरपूर, दक्षिणेला चाळीसगाव. पुढं आई गेली, भाऊ गेले. भावांनी बोलावलं तेव्हा हद्द आडवी आली. पुतणीचं लग्न पुण्याला झालं तेव्हा शेठ चाळीसगावच्या फलाटापर्यंत जाऊन आशीर्वाद देऊन परत आले.

"अहो पन तापी समुद्रात जाते," मी म्हटलं. "ती तुमच्याच हद्दीतून जाते ना?"

"तापीनं नियम घेतलेला नाही," शेठ म्हणाले.

वाद घालायला माझ्यासारखा माणूस तालुक्यात नव्हता. पण त्या दिवशी मी दोराचं टोक उचललं आणि वळायला बसलो.

वर्षं गेली. जहाज वाढत गेलं. बरगड्यांवर फळ्या चढल्या, वर पाट जडला, त्याला कठडा आला. कठड्याचा एकेक खांब गव्हाच्या दाण्याएवढा. वडिलांची मलमलीची पगडी शेठनी उसवून तिची शिडं शिवली. गुलाबी रंग उडून उडून संध्याकाळच्या आभाळासारखा झालेला. माझ्या केळीचे दोर शेकड्यानं गेले जहाजावर. काही मनगटाच्या शिरेएवढे, काही केसाएवढे, आणि प्रत्येक दोर कुठूनतरी निघून कुठंतरी जाणारा. मी त्यांना म्हणायचो, ह्याला ओढलं तर काय होईल? शेठ ओढायला लावायचे. तिकडे वर एक शीड अंग चोरून गोळा व्हायचं. मी परत सोडायचो, ते परत उलगडायचं. दोन म्हातारे दुपारभर हेच करायचे.

जहाजाच्या पोटात माल भरला होता. दुकानदाराचंच रक्त, रिकामं जहाज कसं सोडतील. आपल्या खानदेशी कापसाच्या गाठी, काड्यापेटीएवढ्यासुद्धा नाहीत, सुतळीनं बांधलेल्या. तोफांच्या खिडक्या चित्रात होत्या, शेठनी त्यांना गज बसवले. "हवा खेळायला," म्हणाले. माणसं मात्र कुठंच नव्हती. मी विचारलं, खलाशी कधी करणार? शेठ दोर वळत होते. वळतच राहिले. "कुणाला बसवायचं?" म्हणाले. मी आपला विषय बदलला.

एका मे महिन्यात मी तिथं बसलेलो. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. शेठनी पश्चिमेची खिडकी उघडली. आपल्याकडचा तो गरम वारा आत घुसला आणि सगळी शिडं एकदम फुगली. फट् असा आवाज झाला. दोर ताणले गेले, डोलकाठ्या कुरकुरल्या, जहाज चौकटीवर पुढं झुकलं. मी दाराची चौकट धरली. खोटं सांगत नाही, घट्ट धरली. मला वाटलं, खोली निघाली. सिंधू चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काय झालं? चक्कर आली का?" मी म्हटलं, "काही नही." अडाणी माणूस आहे मी, पण आपण कशापुढं उभे आहोत हे त्या दिवशी कळलं. वाळूतून आलेल्या घरातला, चाळीसगावच्या पलीकडे न गेलेला माणूस, एका बाजूच्या चित्रावरून आणि अर्ध्या केळ्यावरून हे उभं करतो. मी जन्मभर केळी लावल्या. त्या माझ्याशिवायही उगवल्या असत्या. हे उगवलं नसतं.

मग दोन हजार बावीसची राखीपौर्णिमा झाली आणि मला भुगा दिसला.

जहाजाच्या खाली, कण्याच्या बरोबर खाली, फरशीवर पिवळसर पिठाची छोटी ढिगली. मी बोटावर घेतली, चोळली. आंब्याचं लाकूड. ढिगलीच्या वर बघितलं तर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, एका ओळीत. कान लावला. किर्र... किर्र... थांबून परत किर्र.

मी शेठकडे वळलो. "शेठ, ह्यात कोन आहे?"

हसतील असं मला वाटलं होतं. शेठ हसले नाहीत. "आहेत," म्हणाले. "आखाडापासून आहेत."

"आखाडापासून! आन् तुमी गप?"

"काय करू?"

"काय करू म्हंजे? घासलेट सोडा. माझ्याकडे औषध आहे, सुईनं एकेका भोकात दोन थेंब. संध्याकाळपर्यंत बठ्ठे सपाट."

शेठनी कानावर हात ठेवले. त्यांनी फळ्या झटकून, पारखून आणल्या होत्या. पण आतली अंडी कुणाला दिसतात? आणि फेकलेलंच लाकूड घ्यायचं म्हटल्यावर आंब्याच्या पेटीशिवाय काय मिळणार? आंब्याचं लाकूड किड्याला पेढ्यासारखं. जीव वाचावा म्हणून जे लाकूड आणलं, त्याच लाकडातून जीव आले.

"ते कना खाऊ राह्यले," मी म्हटलं. "कना गेला की बरगड्या सुटतीन. एक दिवस बठ्ठं खाली येईन. दहा-बारा वर्षांचं काम आहे हे, शेठ!"

"त्यांचंही काम आहे," शेठ म्हणाले. "त्यांना दुसरं येत नाही."

मी आयुष्यभर किड्यांना मारत आलो. केळीवरचा सोंड्या, पानावरचा मावा, कपाशीवरची अळी. पाठीवर पंप घेऊन मी म्हातारा झालो. माझ्या डोळ्यांसमोर चिमूटभर किडे जहाज खातात आणि मी बघायचं? मी नको ते बोललो. म्हटलं, तुम्हाला जहाजापेक्षा किडे प्यारे असतील तर मी कशाला येऊ इथं. चप्पल घातली आणि निघालो. त्यांनी थांबवलं नाही. मला त्याचा जास्त राग आला.

मग आम्ही बोलत नव्हतो. मी माझ्या ओट्यावर, शेठ त्यांच्या, मध्ये रस्ता. मी मुद्दाम पाठ करून बसायचो. सिंधू भांडी घासता घासता मुद्दाम आदळायची.

"त्या मान्साले दोन शब्द बोलाले कोनी नही," ती म्हणाली, "आन् तुमी पाठ दाखवू राह्यले."

"तू गप बस. तुझं लाटणं पन जाईन त्यात."

"जाऊ द्या. लाटनंच आहे ते."

पर्युषण लागलं. शेठ रोज संध्याकाळी जेवण आटोपून जैन स्थानकात जायचे, प्रतिक्रमणाला, म्हणजे दिवसभरात कुणाला दुखवलं असेल त्याची क्षमा मागायला. एकटे राहत असल्यानं त्यांच्या घराची दुसरी किल्ली पहिल्यापासून आमच्या खिळ्याला असायची. मी रोज त्या किल्लीकडे बघायचो. चौथ्या दिवशी ठरवलं. जहाजाचं पोट माझं आहे. माझ्या पोटात शिरलेल्याला मारायला मला कुणाची परवानगी लागत नाही. गुरांच्या दवाखान्यातली जुनी सुई होती, बाटली होती. पिशवीत टाकली.

सिंधू दारात उभी. "कुठी?"

"येतो."

"पर्युषणात? त्यायच्या घरात? अहो, देव पाहू राह्यला."

"त्याले पाहू दे. देवानंच किडे केले."

दार उघडून मी मधल्या खोलीत गेलो. दिवेलागण होत होती. खिडकीतून शेवटचा उजेड शिडांवर पडला होता, वडिलांच्या पगडीचा तो गुलाबी परत उगवल्यासारखा. मी गुडघ्यावर बसलो. या वयात गुडघ्यावर बसणं म्हणजे उठायची खात्री नसते. सुई भरली. पहिलं भोक शोधायला मान वाकडी केली आणि तेव्हा दिसलं की जहाजाला एक नवीन वस्तू लागलेली आहे.

कण्याजवळ, भोकांना लागून, एक फळी टेकवलेली होती. बोटभर रुंद. तिला दोन्ही बाजूंनी कठडा, कठड्याला गव्हाच्या दाण्याएवढे खांब, खांबांतून माझ्या केळीचा केसाएवढा दोर ओवलेला. बंदराला जहाज लागल्यावर माणसं उतरतात तशी उतरणीची वाट. ती खाली जाऊन एका आंब्याच्या ओंडक्याला टेकली होती. ओंडका भिजवून ठेवलेला. शेठनी किड्यांना उतरायला शिडी बांधली होती. बाकीच्या जहाजाला शोभेल अशी, मापात.

मला हसू आलं. मोठ्यानं आलं. एकट्या माणसाच्या घरात गुडघ्यावर बसून हातात विषाची सुई घेऊन मी हसत होतो, तेव्हा मागून आवाज आला,

"अजून कोणी उतरलं नाही."

शेठ दारात होते. ताप होता म्हणून स्थानकातून लवकर आले होते. त्यांनी सुई पाहिली, बाटली पाहिली. मी उठायचा प्रयत्न केला, गुडघे ऐकेनात. ते आले, मला हात दिला नाही, माझ्या शेजारी खाली बसले.

"मारले?" त्यांनी विचारलं.

"नही अजून."

शेठनी श्वास सोडला. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ते म्हणाले, "कान लावा."

मी लावला. त्यांनी दुसऱ्या बाजूनं लावला. दोघांच्या मध्ये जहाज. किर्र. थोडं थांबून, किर्र.

"मी सूर्य मावळायच्या आत जेवतो," शेठ हळूच म्हणाले. "ताट धुऊन ठेवतो. मग पाणीसुद्धा नाही. संध्याकाळ लांब असते, पाटील. चाळीसेक वर्षं झाली, ह्या वेळेला ह्या घरात भांडं वाजत नाही. आणि ह्या आखाडात बसलो होतो असाच, तर ऐकू आलं..." ते थांबले. किर्र झालं. "घरात कुणीतरी जेवतंय."

आम्ही दोघं किती वेळ तसे कान लावून होतो सांगता येत नाही. आत त्यांचं चाललं होतं, घाई नव्हती, चांगलं सावकाश, चवीनं.

"पन जहाज जाईन, शेठ," मी शेवटी म्हटलं.

"जहाज जावं असं मला वाटत नाही," शेठ म्हणाले. "खूप वाटतं, राहावं. म्हणून तर शिडी केली. पण उपाशी ठेवून, मारून, नाही."

त्यांनी ओंडक्याला हात लावून बघितला, वाळलाय का. मी बघितलं, ओंडका कसला, कुठल्यातरी जुन्या खिडकीचा तुकडा. उन्हापावसात सगळा गोडवा निघून गेलेला. ह्याच्यासाठी कोण घर सोडेल? हे मला त्या क्षणी दिसलं. सुईतलं औषध परत बाटलीत ओतलं, बूच लावलं. शेठनी हात दिला, मग मी उठलो.

घरी सिंधूनं पिशवी घेतली, बाटली उजेडात धरून पाहिली. भरलेली होती. ताट वाढलं आणि ते जरा आदळूनच वाढलं, पण मला तो आवाज त्या दिवशी बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून पहिल्या रिक्षानं लाकडाच्या वखारीत गेलो. वखारवाला धुळ्याकडचा. मी त्याला म्हटलं, आंब्याचं पाहिजे, यंदाचंच पडलेलं, साल धरून, आतून पांढरं आणि गोड. गाभा नको, गाभा कडू असतो. मी एकेक ओंडका उचलून नखानं खरवडत होतो, हुंगत होतो, दोन तर जिभेलाही लावले.

"आबा, हाई लाकूड टिकाव नही," तो म्हणाला. "सहा महिनामा कीड लागी जाई. कसाले जोयजे तुमले?"

"म्हनूनच पाहिजे," मी म्हटलं. "पाहुणे आहेत."

ओंडका मांडीवर घेऊन रिक्षातून परत आलो. सरळ शेठच्या दारात. शेठ तोंडावरचं फडकं सोडत बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं, ओंडक्याकडे पाहिलं. दोन्ही हातांनी घेतला. मागून-पुढून फिरवला, कानाजवळ नेला आणि विचारलं,

"ह्यात कोण आहे?"

"कोनी नही, शेठ," मी म्हटलं. "बठ्ठं रिकामं आहे. येऊ द्या त्याह्यले."